स्थळाची सविस्तर माहिती

वाखनिंगन (हॉलंड), मंगळवार

ती. श्रीकांतदादांस,

जयप्रकाशचा नमस्कार, गुडघ्यापर्यंत वाकून. (त्याखाली माझी कंबर जात नाही, हे आपण माझ्या लग्नाच्या दिवशीच पाहिलं होतं आणि चार लोकांत बोलूनही दाखवलं होतं.) डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल, वहिनी वेळेवर थेंब घालत असतील आणि आपण डोळे मिटून स्वस्थ पडायचं सोडून पेपर वाचत असाल, अशी खात्री आहे. तेव्हा हे पत्र वहिनींकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. मात्र सुमेधा, म्हणजे आपली धाकटी बहीण आणि माझी अर्धांगिनी, त्या वेळी कराडहून आपल्याकडे आलेली असेल तर वाचन थांबवून तिला भाजी आणायला पाठवावं. कारण पुढे येईल. माझी प्रकृती ठीक. मध्यंतरी सर्दीनं हैराण झालो म्हणून आपल्या भाचीनं, ऋजुतानं, मला इथल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्यानं माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीनं पाहिलं आणि पॅरासिटॅमॉल घ्या म्हणाला. शेजारी एक बाई पाय मुरगळून आल्या होत्या, त्यांनाही तेच सांगितलं. इथली माणसं काटक का, ते मला तिथे कळलं.

आपला निरोप मिळाला. ‘स्थळाचं काय ठरलं ते सविस्तर कळवा’, एवढंच आपण लिहिलं आहे. मी आमच्या मुलीकडे आलो तो फक्त हवा खायला नव्हे, हे मी विसरलेलो नाही. आपण मिरजेचं स्थळ आणलंत, मुलगा अद्वय, पुण्यात नोकरी, घरची माणसं पाहण्यातली. आणि ऋजुताचा होकार घेऊन यायची कामगिरी माझ्यावर टाकलीत, कारण सुमेधाला विमानात कान दुखतात. महिनाभर मी तो विषय काढायला योग्य वेळ शोधत होतो. सकाळी ती सायकलवरून प्रयोगशाळेत जाते, संध्याकाळी दमून येते, आणि जेवताना विषय काढला तर घास अडकेल म्हणून मी थांबतो. (कुणाचा घास, ते विचारू नये.) पण आता स्थळाबद्दल मला खरोखरच सविस्तर लिहायचं आहे. चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या माणसाला आपण ‘सविस्तर’ म्हणालात, तेव्हा पुढच्या पानांबद्दल माझ्याकडे तक्रार करता येणार नाही.

त्याचं असं झालं. गेल्या गुरुवारी वरणभातावर तूप वाढता वाढता ऋजुता म्हणाली, की बाबा, मी एक स्थळ पाहून ठेवलंय, रविवारी तुम्हीही बघून घ्या आणि तुमचं मत मोकळेपणानं सांगा. आता दादा, आपणच सांगा, महिनाभर ही मुलगी मला स्थळंच दाखवत होती. आज समुद्र अडवणारा बांध, उद्या पाण्याच्या पातळीखालची शेतं, परवा पवनचक्क्या. शिवाय दुसऱ्या अर्थाचं स्थळ मुलीचा मामा आणतो, मुलगी आणत नाही, अशी माझी समजूत. मी विचारलं, कुठे आहे? ती म्हणाली, क्लेव्ह, जर्मनीत, सरहद्दीला लागून. मी विचारलं, पाहण्यासारखं आहे का? ती लाजली आणि म्हणाली, मला तरी वाटतं. गावाचं नाव घेताना मुलगी लाजते, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा संबंध तुपाशी जोडला. (मला तूप वर्ज्य आहे आणि ती चोरून वाढत होती.)

रविवारी निघालो. नायमेगन नावाच्या शहरापर्यंत गेलो आणि तिथून बस धरली. पासपोर्ट, व्हिसाची प्रत, विम्याचा कागद आणि निवृत्तिवेतनाचं कार्ड अशी सगळी सामग्री मी छातीशी धरून बसलो होतो, आणि प्रत्येक वळणावर सरहद्द आली का म्हणून ऋजुताला विचारत होतो. शेवटी ती म्हणाली, ती मघाशीच गेली. दादा, एका देशातून दुसऱ्या देशात आलो आणि गतिरोधकसुद्धा लागला नाही. ज्या दोन देशांच्या युद्धाचा धडा मी मुलांकडून घोकून घेत होतो, त्यांच्यामधून एक आजी भाजीची पिशवी घेऊन बसमधून उतरली आणि घरी निघून गेली. मी पासपोर्ट कुणालाच दाखवता न आल्यामुळे थोडा खट्टू झालो, पण आतून थक्क झालो होतो.

क्लेव्हच्या थांब्यावर एक उंच, किडकिडीत तरुण हातात लांब छत्री घेऊन उभा होता. ऋजुता म्हणाली, बाबा, हा हेनिंग, आज हाच आपल्याला गाव दाखवणार आहे. छत्री उंच धरून पुढे चालणारा माणूस म्हणजे गाइड, हे मी अजिंठ्यापासून पाहत आलो आहे. त्यामुळे मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, इंग्रजीत नाव सांगितलं आणि लगेच कामाला लावलं. गावाचं नाव कशावरून पडलं? तो म्हणाला, कड्यावरून. सपाट, पाणथळ मुलुखात अचानक एक उंच कडा उठतो, त्याच्या टोकावर किल्ला आणि किल्ल्याच्या पोटाशी गाव. हिमयुगातल्या बर्फानं ढकलत आणलेल्या गाळाच्या या टेकड्या. मी विचारलं, माती कोणती? त्यानं वाकून मूठभर उचलली आणि वाळू किती, चिकण किती, ते बोटांत चोळून सांगितलं. पाऊस, पिकं, लोकसंख्या (पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या कराडच्या तोलाचं) हे सगळं त्याला तोंडपाठ. मी इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्यासारखा विचारत सुटलो आणि तो घाम पुसत उत्तरं देत होता. एवढा तयारीचा गाइड मी जन्मात पाहिला नव्हता.

किल्ल्याच्या मनोऱ्यावर सोन्यासारखा चमकणारा हंस आहे, वाऱ्याबरोबर फिरणारा. आत कोर्ट भरतं. (आपल्याकडे किल्ल्यावरून कोर्टात जातात, यांनी कोर्टच किल्ल्यात नेलं.) आणि मनोऱ्यात, दादा, चक्क भूगर्भशास्त्राचं लहानसं संग्रहालय. एकेका मजल्यावर दगड, जीवाश्म. मी तिथून हलेना. आपले लोक किल्ल्यात तोफ ठेवतात, या लोकांनी दगडगोटे ठेवले, हे पाहून मला आपल्या व्यवसायाचा इतका अभिमान वाटला की मी हेनिंगची पाठ थोपटली. वरून त्यानं दूरवर ऱ्हाइन नदी दाखवली. ही नदी एके काळी किल्ल्याच्या पायथ्याशी वाहत होती. मग नद्यांना लागते तशी तिला हुक्की आली आणि ती हळूहळू लांब निघून गेली. गाव काठावर होतं ते कोरडं पडलं. मग या लोकांनी काय करावं? कालवा राखला. नदी येत नाही तर आपण होड्या घेऊन तिच्यापर्यंत जाऊ, म्हणाले. तीच नदी पुढे वाखनिंगनला ऋजुताच्या घराजवळून वाहते, हे ऐकून मी ती पुन्हा एकदा नीट पाहून घेतली.

हंसाची गोष्ट अशी. इथल्या घराण्यात एकटी राजकन्या उरली, शत्रूंनी गराडा घातला. तेवढ्यात नदीतून होडी आली, ओढणारा हंस, आत एक वीर. त्यानं शत्रू पिटाळले, राजकन्येशी लग्न केलं आणि एकच अट घातली, की मी कोण, कुठला, हे कधी विचारायचं नाही. वर्षानुवर्षं सुखात गेली, मुलं झाली, आणि एक दिवस तिनं विचारलंच. तत्क्षणी हंस होडी घेऊन हजर. वीर बसला आणि गेला तो गेलाच. मी हेनिंगला म्हटलं, बाबा रे, ही गोष्ट आमच्याकडे घडलीच नसती. होडी काठाला लागायच्या आत नाव, गाव, शिक्षण, शेती किती आणि आजोळ कोणतं, हे विचारून झालं असतं, आणि आमच्या मुलीच्या मामांनी तर हंसाचीसुद्धा चौकशी केली असती. ऋजुता एकाएकी हंसाकडे पाहू लागली. हेनिंग लाल झाला. मला वाटलं, चढणीमुळे.

याच घराण्यातल्या एका मुलीचं स्थळ, पाचशे वर्षांमागे, इंग्लंडच्या राजाकडे गेलं. राजानं आधी चित्रकार पाठवून तिचं चित्र काढून घेतलं, चित्र पसंत केलं, आणि नवरी प्रत्यक्ष आल्यावर नाक मुरडलं. सहा महिन्यांत लग्न मोडलं. पण मुलगी शहाणी. अकांडतांडव न करता मिळालेली घरंदारं घेऊन तिथेच राहिली, आणि त्या राजाच्या दोन बायकांची मुंडकी उडाली तरी हिची मान डोक्यासकट शाबूत राहिली. फोटोवरून पसंती करू नये, हे मी आपल्याला मिरजेच्या वेळीच म्हटलं होतं. (आपण ऐकलं नाहीत.)

आता अर्थव्यवस्था. हे गाव बुटांचं, त्यातही लहान मुलांच्या बुटांचं. डच लोकांनी इथे मार्गारिनचा, म्हणजे लोण्याच्या सावत्र बहिणीचा, कारखाना काढला होता. बूटवाले आता जवळपास संपले, पण चांभाराचा पुतळा अजून चौकात आहे. आता नवीन विद्यापीठ आलं आहे, देशोदेशीची पोरं असतात, आणि हॉलंडात घरं परवडेनात म्हणून कित्येक डच कुटुंबं इकडे राहून तिकडे कामाला जातात. रविवारी मात्र सगळी दुकानं बंद. मला एक बशी घ्यायची होती, ती राहिली. आणि हे सारं उभं आहे ते कशावर? महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात बॉम्ब पडून गाव जवळजवळ सपाट झालं. मी ज्या मनोऱ्यात दगड बघत होतो, तोही कोसळला होता. लोकांनी परत येऊन सगळं पुन्हा बांधलं. हेनिंगची पणजी परतली तेव्हा घराच्या जागी फक्त चुलीकडची भिंत उरली होती. तिनं तिला टेकूनच नवं घर घातलं, म्हणाला. मी चौकात उभा राहून भोवतालच्या साध्यासुध्या, नीटनेटक्या घरांकडे पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही.

अशा वेळी माणूस मोकळा होतो. ऋजुता पाण्याची बाटली भरायला गेली होती. मी हेनिंगला विश्वासात घेतलं. म्हटलं, ही माझी एकुलती एक. हिचं आता आमच्याकडे मिरजेला जमत आलं आहे. मुलगा पुण्यात असतो, घरदार उत्तम, हिच्या मामांनी स्वतः पाहिलेलं. एकदा हिनं हो म्हटलं की आम्ही सुटलो, मुलगी परत जवळ येईल. हेनिंगनं छत्री खाली केली. मग म्हणाला, पुढे कालव्यावरचा बंधारा आहे, तो दाखवतो. आणि दाखवलाही, रुंदी, खोली, दारं कशी उघडतात ते सगळं, पण आवाज पार बसला होता. मला वाटलं, दमला बिचारा. उत्तेजन म्हणून मी त्याला दहापैकी साडेनऊ गुण दिले आणि वर सल्ला दिला, की पोटापाण्याचं काहीतरी पक्कं बघ, आणि एखादी समजूतदार मुलगी पाहून लग्न कर.

मग तो म्हणाला, घरी कॉफीला चला. गाइडच्या घरी कॉफी हा इथला रिवाज असेल असं समजून मी गेलो. दार उघडलं तर आई, वडील आणि आत्या, तिघंही इस्त्रीच्या कपड्यांत, रांगेत उभे. टेबलावर तीन प्रकारचे केक. सगळे माझ्याकडेच बघताहेत, मी काटा कसा धरतो तेसुद्धा. आणि मग त्याच्या आईनं मला विचारायला सुरुवात केली. कृष्णा आणि कोयना या नद्या कराडला अगदी समोरासमोर येऊन मिळतात आणि मग काटकोनात वळून एकत्र पुढे जातात, हे खरं का? एक नदी दुसरीला बाजूनं मिळते हे पाहिलंय, पण अशा तोंडासमोर येतात त्यांची धडक होत नाही का? उसाशिवाय काय पिकतं? भूकंप होतात का? दादा, मी हबकलो. कराडचं नाव पुण्यापलीकडे कुणी घेतलं तरी मला भरून येतं, आणि ही जर्मन बाई मला कोयनेचं धरण विचारते आहे. तिनं टेबलावर नकाशा उलगडला. त्यात संगम होता, आमची गल्ली होती, आणि आमच्या घराभोवती पेन्सिलीनं गोल केलेला होता.

परगावची इतकी चौकशी माणूस कधी करतो? आपण मिरजेची केली होती, तेव्हा. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि केकचा घास तोंडात तसाच राहिला. हा दाखवण्याचा कार्यक्रम होता, आणि दाखवायला आणलेला मी होतो.

मी ऋजुताकडे पाहिलं. ती रडवेली झाली होती.

“बाबा, मी स्थळ म्हटलं होतं. गाव नव्हे. हेनिंग माझ्याच लॅबमध्ये आहे, बटाट्याच्या रोगांवर काम करतो. तुम्ही दिवसभर त्याची व्हायवा घेत होतात, मला वाटलं तुम्हाला कळलंय, आणि तुम्ही मुद्दाम कडक वागताय.”

आणि तो किडकिडीत मुलगा उठून उभा राहिला आणि मराठीत, एकेक शब्द पाठ केल्यासारखा, म्हणाला, “तुम्ही विचारा. मी कोण, कुठला, सगळं विचारा. मी होडीत बसून जाणार नाही.”

सकाळपासून शंभर प्रश्न विचारणाऱ्या माझ्याकडे त्या क्षणी एकही प्रश्न नव्हता. मी केकचा आणखी एक तुकडा मागितला. (उत्तम होता. आलुबुखाराचा.)

परतीच्या बसमध्ये मी त्याच्यातले दोष शोधायला बसलो. आपण कांदालसणाची चौकशी करतो, हा तर त्यापलीकडचंही सगळं खातो. उंची अवाजवी आहे, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखतील. ळ त्याला मुळीच येत नाही, स्थळाला स्थल म्हणतो. पण निघताना दारात उभं राहून जीभ कुठे लावायची ते मी त्याला दाखवत होतो आणि त्याचे वडीलही मागे उभे राहून ळ, ळ करत होते, तेव्हा तोही दोष फारसा टिकला नाही. खरं सांगायचं तर दोष सापडेना म्हणूनच मला राग आला. आणि राग उतरल्यावर वाईट वाटलं. आयुष्यभर फळ्यावर नकाशा टांगून अंतरं शिकवली, पण कराड इथून किती लांब आहे, ते त्या बसमध्ये मला पहिल्यांदा पोटात कळलं. ही मुलगी आता परत येणार नाही, दादा. दिवाळीला येईल, आंब्याच्या दिवसांत येईल, पण राहायला येणार नाही.

रविवारपासून तिनं मला काही विचारलेलं नाही. चहा ठेवते, माझा मफलर शोधून देते आणि माझ्या तोंडाकडे बघत सायकल काढते. ती कशासाठी थांबली आहे, ते मला कळतं. मी हो म्हणायला तोंड उघडतो आणि ‘आज ढग बरेच आहेत’ असं बाहेर पडतं. इथे ढग रोजच असतात, त्यामुळे तिलाही त्यातून काही बोध होत नाही. तेव्हा स्थळाची माहिती ही अशी आहे. माती चांगली, पाणी मुबलक, माणसं पडल्यावर पुन्हा बांधणारी. डोळ्याला जपावं, वहिनींना नमस्कार सांगावा आणि पेपर खाली ठेवावा.

आपला,
जयप्रकाश

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. मिरजेच्या मंडळींना नकार कळवावा, आणि तो आपणच कळवावा, कारण आपला आवाज भारदस्त आहे. दुसरं म्हणजे सुमेधाला हे आपण सांगावं. माझ्यासमोर ती भांडी आपटेल, थोरल्या भावासमोर आवाज चढवणार नाही. एकदम सांगू नये. आधी किल्ला, मग नदी, मग हंस, अशा क्रमानं जावं, आणि हेनिंग शक्यतो संध्याकाळच्या चहानंतर काढावा.

ता. क. दुसरा : वरचा मजकूर रद्द समजावा. आत्ताच सुमेधाचा फोन येऊन गेला. तिला दीड वर्षापासून माहीत आहे. हेनिंगला फोनवरून थालीपीठ थापायला तिनंच शिकवलं, आणि ‘बाबांना स्थळ म्हण, म्हणजे ते टोपी घालून तयार होतील’ हा सल्लाही तिचाच. इथवर मी सहन केलं. पण मिरजेचा अद्वय मार्गशीर्षातच बोहल्यावर चढला, आपण त्या लग्नात जेवून आलात, आणि मला इथे पाठवण्यासाठी बहीणभावांनी तो माझ्यापुरता अविवाहित ठेवला, हे ऐकून मी खुर्चीतच बसलो. आपल्या डोळ्याचं ऑपरेशन तरी खरं आहे ना, ते कळवावं.

ता. क. तिसरा : आपल्याला सगळं आधीच ठाऊक असल्यामुळे हे पत्र आता आपल्यासाठी उरलेलंच नाही, राग मानू नये. टपालात टाकण्यासाठी मी ते ऋजुताच्या टेबलावर ठेवतो आहे आणि पाकीट मुद्दाम उघडं ठेवलं आहे. ऋजुता, वाचून झालं की चिकटव. मी नदीवर फिरायला गेलो आहे, लगेच शोधायला निघू नकोस, मला जरा वेळ लागेल. आणि हो. पुढे काही सांगायचं राहिलं म्हणून नव्हे, बाळा. नुसतं हो.